धनंजय रामचंद्र गाडगीळ

धनंजय रामचंद्र गाडगीळ (जन्म : नाशिक, १० एप्रिल १९०१, मृत्यू : ३ मे १९७१) हे मराठी अर्थशास्त्रज्ञ, सामाजिक-आर्थिक पाहण्यांचे प्रवर्तक, सहकारी चळवळीचे मार्गदर्शक आणि भारताच्या नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष होते. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे ते पहिले संचालक. सामान्य माणसाचे घर, भाडे, धंदा, कर्ज, मुलांची शाळा या रोजच्या गोष्टी मोजता येतात आणि त्या मोजल्याखेरीज धोरण ठरवू नये, ही भूमिका त्यांनी चार दशके चालवली. आज वृत्तपत्रांत आणि भ्रमणध्वनीच्या पडद्यावर समाजजीवनाची रंगीत आकडेचित्रे, म्हणजेच इन्फोग्राफिक, सर्रास दिसतात. अशा चित्रांना लागणारी सामग्री दारोदार जाऊन गोळा करण्याची शिस्त महाराष्ट्रात रुजवणाऱ्यांमध्ये गाडगीळांचे स्थान अग्रभागी आहे. राज्यांना केंद्रीय मदत वाटण्याचे सूत्र त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

कथाकार गंगाधर गाडगीळ हेही अर्थशास्त्राचे प्राध्यापक असल्याने या दोघांची विद्यार्थ्यांकडून अनेकदा गल्लत होते. या लेखाचा विषय असलेल्या गाडगीळांना त्यांचे समकालीन धनंजयराव म्हणत.

बालपण आणि शिक्षण

धनंजयरावांचा जन्म नाशिकचा असला तरी त्यांचे बालपण व शालेय शिक्षण नागपुरात झाले. पहिले महायुद्ध संपण्याच्या सुमारास, १९१८ मध्ये, ते उच्च शिक्षणासाठी इंग्लंडला गेले आणि केंब्रिज विद्यापीठात इतिहास व अर्थशास्त्र शिकले. तेथे त्यांनी लिहिलेला प्रबंध भारतातील अलीकडच्या औद्योगिक स्थित्यंतराविषयी होता. तो १९२४ साली ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मुद्रणालयाने ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. लेखकाचे वय त्या वेळी अवघे तेवीस वर्षांचे होते. पुढे या ग्रंथाच्या अनेक आवृत्त्या निघाल्या आणि भारताचा आर्थिक इतिहास शिकणाऱ्या कित्येक पिढ्यांनी तो पाठ्यग्रंथ म्हणून वाचला.

मायदेशी परतल्यावर त्यांनी मुंबई सरकारच्या अर्थखात्यात अल्पकाळ नोकरी केली. १९२५ ते १९३० या काळात ते सुरतेच्या एम. टी. बी. महाविद्यालयाचे प्राचार्य होते. त्यांच्या आयुष्याला निश्चित दिशा मिळाली ती त्यानंतर, पुण्यात.

गोखले संस्था

साताऱ्याचे रावबहादुर रावजी रामचंद्र काळे यांनी दिलेल्या देणगीतून १९३० मध्ये पुण्यात, भारत सेवक समाजाच्या आवारात, गोपाळ कृष्ण गोखले यांच्या नावाने अर्थशास्त्र व राज्यशास्त्राची संशोधन संस्था सुरू झाली. संचालकपदी एकोणतीस वर्षांच्या गाडगीळांची नेमणूक झाली आणि ते १९६६ पर्यंत, म्हणजे छत्तीस वर्षे, त्या पदावर राहिले. देणगीदाराच्या नावे सुरू झालेल्या वार्षिक काळे स्मृती व्याख्यानमालेत २९ जानेवारी १९३९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे संघराज्य आणि स्वातंत्र्य या विषयावरील व्याख्यान झाले होते.

आरंभी संस्थेकडे माणसे मोजकी होती आणि पैसाही बेताचाच होता. गाडगीळांनी निवडलेले पहिले विषय पाहिले की त्यांची दृष्टी कळते. पुण्याच्या बाजारात फळे कोठून येतात, कोणाच्या हातातून जातात आणि गिऱ्हाइकाने दिलेल्या पैशातला किती भाग बागायतदारापर्यंत पोहोचतो, याची पाहणी १९३३ मध्ये प्रसिद्ध झाली. मुंबई इलाख्यातील सहा जिल्ह्यांच्या मोटार-बस वाहतुकीची पाहणी १९३५ मध्ये, तर वाई तालुक्यातील शेतीच्या जमाखर्चाची १९४० मध्ये आली. फळांचा बाजार, खडखडणारी सर्व्हिस मोटार आणि कोरडवाहू वावर हे त्या काळी विद्यापीठीय अर्थशास्त्राचे विषय मानले जात नव्हते. संस्थेत मात्र याच विषयांवर तक्ते तयार होऊ लागले.

पुणे शहराची पाहणी

गाडगीळांच्या कार्यातील सर्वांत मौलिक भाग म्हणजे पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी. तिच्यामागे दोन परंपरा होत्या. लंडनमध्ये चार्ल्स बूथ यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गल्लोगल्लीची माहिती जमवून शहराचा नकाशा दारिद्र्याच्या पातळीनुसार वेगवेगळ्या रंगांत रंगवला होता, आणि त्यांच्यामागोमाग सीबोम राउंट्री यांनी यॉर्क शहराचा अभ्यास केला होता. दुसरी परंपरा घरचीच होती. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाची जमीन, कर्ज आणि कुटुंबे यांची बारकाईने पाहणी करून १९१७ मध्ये ती प्रसिद्ध केली होती. पुढे त्यांनी जातेगाव बुद्रुक या गावाचाही असाच अभ्यास केला. मॅन यांनी खेड्यांसाठी केलेले काम एका अख्ख्या भारतीय शहरासाठी करण्याचे गाडगीळांनी ठरवले.

क्षेत्रकार्य १९३६-३७ मध्ये झाले. शहरातील प्रत्येक घरी जाणे संस्थेच्या आवाक्यात नव्हते. म्हणून नमुना पद्धतीने कुटुंबे निवडण्यात आली. ही निवड अन्वेषकाच्या मर्जीवर सोडली, तर तो सोयीच्या वाड्यात आणि ओळखीच्या माणसांकडे जातो आणि साऱ्या शहराचे चित्र त्या वाड्यासारखे दिसू लागते. त्यामुळे निवड आधी ठरलेल्या नियमाने व्हावी लागते आणि नियमात आलेले घर कितीही गैरसोयीचे असले तरी गाठावे लागते. त्यानंतर प्रश्न. घरात माणसे किती, खोल्या किती, भाडे किती, कमावते कोण, धंदा वडिलोपार्जित की नवा, गावाहून येऊन किती वर्षे झाली. उत्तरे सांगणाऱ्याला आपली मिळकत सांगण्याचा संकोच असतो, काहींना सरकारी कराची भीती वाटते, काहींना स्वतःचे वय ठाऊक नसते. जमलेल्या उत्तरांची छाननी, वर्गवारी आणि बेरीज हे सारे काम त्या काळी हातानेच होई.

पाहणीचा पहिला, आर्थिक भाग १९४५ मध्ये आणि दुसरा भाग १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला. मधल्या काळात महायुद्ध झाले, देश स्वतंत्र झाला आणि शहराची लोकवस्तीही बदलली. विलंबाचा हा दोष मान्य केला तरी ग्रंथाचे मोल कमी होत नाही. पेशव्यांची राजधानी, विद्येचे माहेरघर आणि पेन्शनरांचे गाव अशी पुण्याची प्रतिमा साहित्यातून आणि सभांमधून घडली होती. पाहणीच्या तक्त्यांमध्ये त्याच पुण्यातले तांबट, विणकर, विडी कामगार, फेरीवाले, घरकामगार आणि हमाल पानोपानी भेटतात. कोणत्या जातीचे लोक कोणत्या धंद्यात आहेत, त्यांची मिळकत व त्यांचे घर कसे आहे, हे शेजारशेजारच्या रकान्यांत मांडलेले आहे. जात आणि उत्पन्न यांचा संबंध सर्वांना ठाऊक होता; पण ठाऊक असणे आणि तो छापील रकान्यात दिसणे यांत फरक आहे.

बूथ यांच्यासारखे रंगीत नकाशे मात्र गाडगीळांनी काढले नाहीत. त्यांची शैली रुक्षच म्हणावी लागेल. वाक्य मोजके, विशेषण नाही, तक्त्याखाली त्याच्या मर्यादांची टीप. वाचकाला ओढून घेण्याची कला या लेखनात नाही, आणि त्यामुळे ते अभ्यासकांच्या वर्तुळाबाहेर फारसे वाचले गेले नाही, ही वस्तुस्थिती आहे.

संस्थेतील ना. वि. सोवनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे पुण्याची फेरपाहणी केली. रोजगार आणि कमाई यांत काय बदल झाला हे दाखवणारा तिचा अहवाल १९५६ मध्ये आला. एकाच शहराकडे काही वर्षांच्या अंतराने पुन्हा पाहण्याचा हा प्रयोग भारतात तेव्हा दुर्मीळ होता.

साताऱ्यातील शाळा

शिक्षणक्षेत्रातील वाचकांना गाडगीळांच्या आणखी एका कामाची माहिती असायला हवी. सातारा जिल्ह्यातील प्राथमिक शिक्षणाविषयी संस्थेने दोन पाहण्या केल्या. गाडगीळ आणि वि. म. दांडेकर यांच्या नावे त्यांचे अहवाल १९५५ मध्ये एकत्र प्रसिद्ध झाले. सरकारी अहवालात पटावरील मुलांची संख्या असते. ती वाढली की शिक्षण वाढले असे समजले जाते. या पाहण्यांनी पटाच्या पुढे जाऊन पाहिले. पहिलीत आलेल्या मुलांपैकी किती वरच्या इयत्तेपर्यंत पोहोचतात, किती एकाच इयत्तेत अडकून पडतात, मधेच शाळा का सुटते, आणि शाळा सोडल्यावर काही वर्षांनी शिकलेली अक्षरे शिल्लक राहतात की नाही, हे त्यांचे प्रश्न होते. गळती आणि स्थगिती हे शब्द आज प्रत्येक मुख्याध्यापकाच्या तोंडी आहेत. पण हजेरीपटावर नाव असलेला मुलगा साक्षर आहे असे गृहीत धरता येत नाही, ही गोष्ट जिल्हाभर फिरून दाखवण्याचे काम तेव्हा नवे होते.

भावनियंत्रणाचा प्रश्न

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात धान्याची टंचाई, रेशनिंग आणि महागाई हे घरोघरचे विषय झाले. १९४७ मध्ये केंद्र सरकारने वस्तूंच्या किमतींविषयी सल्ला देण्यासाठी नेमलेल्या मंडळावर अ. द. गोरवाला आणि गाडगीळ हे दोघे होते. नियंत्रणे एकाएकी उठवण्यास त्यांचा विरोध होता. त्या वर्षाच्या अखेरीस सरकारने उलटा निर्णय घेतला, नियंत्रणे सैल केली, भाव भडकले आणि १९४८ मध्ये ती पुन्हा आणावी लागली.

त्याआधी शेतीच्या कर्जपुरवठ्यावर विचार करणाऱ्या उपसमितीचे अध्यक्षपद गाडगीळांकडे आले होते. १९४५ च्या या गाडगीळ समितीने शेतकऱ्यांची जुनी कर्जे त्यांच्या फेडण्याच्या ताकदीनुसार कमी करावीत आणि शेतीसाठी स्वतंत्र पतसंस्थात्मक व्यवस्था उभारावी, अशा शिफारशी केल्या.

ग्रामीण पतपाहणी

शेतकरी कर्जबाजारी आहे हे एकोणिसाव्या शतकातील दख्खनच्या दंग्यांपासून सर्वांना माहीत होते. तो नेमका कोणाकडून किती कर्ज घेतो, याचे देशव्यापी उत्तर मात्र उपलब्ध नव्हते. रिझर्व्ह बँकेने १९५१ मध्ये हाती घेतलेल्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीने ते दिले. तिच्या मार्गदर्शक समितीचे अध्यक्ष गोरवाला होते आणि गाडगीळ, बी. वेंकटप्पय्या व एन. एस. आर. शास्त्री हे सदस्य होते. देशातील ७५ जिल्हे निवडण्यात आले, प्रत्येकातून आठ याप्रमाणे ६०० खेडी घेण्यात आली आणि सुमारे १ लाख २७ हजार कुटुंबांची माहिती गोळा झाली. मुख्य अहवाल १९५४ च्या अखेरीस आला.

त्यातील एका तक्त्याने सहकारी चळवळीचा पन्नास वर्षांचा हिशेब एका नजरेत मांडला. शेतकऱ्याने वर्षभरात घेतलेले कर्ज १०० रुपये धरले, तर व्यावसायिक सावकारांकडून ४४.८ रुपये आणि शेती करणाऱ्या सावकारांकडून २४.९ रुपये आले होते. नातेवाइकांनी १४.२ रुपये दिले होते. व्यापारी व अडत्यांचे ५.५, जमीनदारांचे १.५ आणि इतर किरकोळ स्रोतांचे १.८ रुपये होते. सरकारचा वाटा ३.३ रुपये, सहकारी संस्थांचा ३.१ रुपये आणि व्यापारी बँकांचा ०.९ रुपया होता. भारतात सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा १९०४ मध्ये झाला. पन्नास वर्षांच्या सभा, परिषदा आणि परिपत्रकांनंतर शंभरातले तीन रुपये, असा त्याचा अर्थ होता.

अशा आकड्यावरून सहकाराचा नाद सोडून द्यावा, असा निष्कर्ष सहज निघू शकला असता. समितीने तो काढला नाही. सहकार आजवर फसला असला तरी खेड्यातील दुबळ्या माणसाला दुसरा आधार नाही, म्हणून तो यशस्वी करावाच लागेल, अशी तिची भूमिका होती. सावकार, व्यापारी आणि गावातील वजनदार मंडळी यांच्यापुढे एकटी पतसंस्था टिकत नाही. तेव्हा सरकारने संस्थांच्या भागभांडवलात भागीदार व्हावे, कर्ज, विक्री आणि गोदामे एकमेकांना जोडावीत, असे तिने सुचवले. सरकारी भागीदारीमुळे सहकाराचे स्वावलंबन जाईल, असा आक्षेप जुन्या सहकारी कार्यकर्त्यांनी घेतला. पुढील अर्धशतकात सहकारी संस्थांवर सरकारचा आणि राजकीय पक्षांचा जो ताबा बसला तो पाहता हा आक्षेप अगदीच निराधार नव्हता. याच अहवालाच्या शिफारशीतून इम्पीरियल बँकेचे रूपांतर होऊन १ जुलै १९५५ रोजी भारतीय स्टेट बँक अस्तित्वात आली.

प्रवरानगर

पाहणी करून अहवाल लिहिणे एवढ्यावर गाडगीळ थांबले नव्हते. तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यातील लोणीचे शेतकरी कार्यकर्ते विठ्ठलराव विखे पाटील यांनी ऊस उत्पादकांचा स्वतःचा साखर कारखाना काढायचे मनावर घेतले, तेव्हा धनंजयराव त्यांच्या पाठीशी उभे राहिले. मुंबई राज्याचे अर्थमंत्री वैकुंठभाई मेहता यांचीही साथ मिळाली. केंब्रिजचा पदवीधर आणि अल्पशिक्षित शेतकरी यांची ही जोडी त्या परिसरात दंतकथेसारखी सांगितली जाते. प्रवरा सहकारी साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५० च्या अखेरीस सुरू झाला. पहिली कित्येक वर्षे कारखान्याचे अध्यक्षपद गाडगीळांनी सांभाळले.

प्रवरेच्या धर्तीवर महाराष्ट्रात पुढे अनेक सहकारी साखर कारखाने निघाले आणि राज्याच्या राजकारणाचा कणा बनले. या यशाची एक बाजू गाडगीळांच्याच मोजपट्टीने मोजायला हवी. कारखान्याचा सभासद होण्यासाठी ऊस लावणारा शेतकरी असावे लागते. तो ऊस तोडणारी माणसे प्रामुख्याने बीड आणि आसपासच्या दुष्काळी भागांतून दरवर्षी सहा महिने बिऱ्हाड पाठीवर घेऊन येतात. सभासदांच्या नोंदवहीत त्यांचे नाव नसते. सहकारातून खेड्यातील दुबळ्या घटकाला बळ मिळावे हा मूळ हेतू या माणसांपर्यंत पोहोचला नाही.

संयुक्त महाराष्ट्र

१९४६ मध्ये स्थापन झालेल्या संयुक्त महाराष्ट्र परिषदेच्या कामात गाडगीळांचा सहभाग होता. भाषिक राज्याच्या मागणीला भावनेचे बळ भरपूर होते. तिची आर्थिक बाजू, विशेषतः मुंबई शहराचे महाराष्ट्राशी असलेले नाते, आकडेवारीनिशी मांडण्याचे काम त्यांनी केले. स्वतंत्र भारताची संघराज्यात्मक रचना कशी असावी याविषयीही त्यांनी त्या काळात लेखन केले. देश जितका मोठा तितकी निर्णयाची केंद्रे अधिक हवीत आणि जिल्हा हा नियोजनाचा खरा पाया असावा, हा विचार त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही.

नियोजन मंडळ आणि गाडगीळ सूत्र

१९६६ मध्ये संस्थेतून निवृत्त झाल्यावर ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले. परंतु तेथे त्यांना फार काळ मिळाला नाही. १९६७ मध्ये त्यांची नियोजन मंडळाच्या उपाध्यक्षपदी नेमणूक झाली. मंडळाचे अध्यक्षपद पंतप्रधानांकडे असल्याने प्रत्यक्ष कारभार उपाध्यक्षच पाही. वेळ कठीण होती. दोन युद्धे, लागोपाठचे दुष्काळ आणि रुपयाचे अवमूल्यन यांमुळे पंचवार्षिक योजना तीन वर्षे खंडित झाली होती. १९६७ च्या निवडणुकीत अनेक राज्यांत काँग्रेसेतर सरकारे आली होती आणि केंद्र आपल्याला मदत देताना दुजाभाव करते, अशी त्यांची तक्रार होती.

तक्रारीला आधार होता. पहिल्या तीन योजनांमध्ये राज्यांना मिळणारी केंद्रीय मदत योजनागणिक, प्रकल्पागणिक ठरत असे. दिल्लीत ज्याचे वजन अधिक, त्याची फाइल लवकर हले. गाडगीळांनी यावर काढलेला उपाय एका छोट्या तक्त्यात मावतो. आसाम, नागालँड आणि जम्मू-काश्मीर यांच्या गरजा आधी भागवायच्या. उरलेल्या रकमेपैकी ६० टक्के लोकसंख्येच्या प्रमाणात वाटायची. १० टक्के फक्त अशा राज्यांना, ज्यांचे दरडोई उत्पन्न राष्ट्रीय सरासरीहून कमी आहे. १० टक्के राज्याने स्वतः कर गोळा करण्यासाठी केलेल्या प्रयत्नानुसार, १० टक्के चालू असलेल्या मोठ्या पाटबंधारे व वीज प्रकल्पांसाठी आणि १० टक्के राज्यांच्या खास अडचणींसाठी. मदतीतील ३० टक्के अनुदान आणि ७० टक्के कर्ज असे प्रमाण ठरले. राष्ट्रीय विकास परिषदेच्या मान्यतेने चौथ्या योजनेपासून (१९६९–७४) हे सूत्र लागू झाले.

सूत्र परिपूर्ण नव्हते. लोकसंख्येला दिलेल्या मोठ्या भारामुळे गरीब राज्यांना मिळणारा जादा वाटा तोकडाच राहिला, अशी टीका झाली आणि १९८० व त्यानंतर त्यात फेरबदल करण्यात आले. तरीही त्याचा गाभा नियोजन मंडळ असेपर्यंत टिकला. कोणत्याही राज्याचा अर्थमंत्री कागद-पेन्सिल घेऊन आपला वाटा बव्हंशी स्वतः काढून पाहू शकेल, अशी सोय या सूत्राने केली. केंद्र-राज्य संबंधांच्या इतिहासात हा बदल लहान नाही.

अग्रणी बँक

याच काळात राष्ट्रीय पतपरिषदेच्या एका अभ्यासगटाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते. जून १९६७ मध्ये देशातील एक टक्का खेड्यांमध्येही व्यापारी बँक पोहोचलेली नाही, हे या गटाने नोंदवले. एकेका जिल्ह्याची जबाबदारी एकेका बँकेने घ्यावी आणि त्या क्षेत्राची गरज पाहून शाखा व कर्जाची आखणी करावी, अशी शिफारस गटाने ऑक्टोबर १९६९ मध्ये केली. त्याच वर्षी जुलैत चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते आणि डिसेंबरमध्ये अग्रणी बँक योजना अमलात आली. आजच्या छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) जिल्ह्याची अग्रणी बँक म्हणून बँक ऑफ महाराष्ट्र काम पाहते. तेथे दरवर्षी पेरणीच्या तोंडावर पीककर्ज वाटपाची टक्केवारी वृत्तपत्रांत चर्चेला येते. ती ज्या जिल्हावार पतयोजनेवरून काढतात, तिचे मूळ या शिफारशीत आहे.

ग्रंथलेखन आणि कुटुंब

औद्योगिक स्थित्यंतरावरील ग्रंथ आणि पुण्याची पाहणी यांखेरीज भारतातील व्यापारी समाजांचा उदय, नियोजन व आर्थिक धोरण, वेतनाचे नियमन अशा विषयांवर त्यांचे इंग्रजी ग्रंथ आहेत. श्रमशक्तीतील स्त्रियांविषयी त्यांनी दिलेली व्याख्याने १९६५ मध्ये पुस्तकरूपाने आली. स्त्रीच्या कामाची नोंद खानेसुमारीत कशी होते, हा प्रश्न त्या वेळी फारसा कोणी विचारत नव्हते. अर्थशास्त्रज्ञ सुलभा ब्रह्मे या त्यांच्या कन्या आणि परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ हे त्यांचे पुत्र.

मृत्यू आणि नंतर

१९७१ च्या लोकसभा निवडणुकीनंतर गाडगीळांनी नियोजन मंडळाचे उपाध्यक्षपद सोडले. दिल्लीतील मुक्काम आवरून पुण्याकडे परतत असताना ३ मे १९७१ रोजी रेल्वे प्रवासातच त्यांचे निधन झाले.

त्यांच्या सूत्रातील एक उणीव महाराष्ट्राला, त्यातही मराठवाड्याला, विशेष जाणवणारी होती. महाराष्ट्राचे दरडोई उत्पन्न राष्ट्रीय सरासरीच्या वर असल्याने मागास राज्यांसाठीच्या १० टक्क्यांत त्याला वाटा नव्हता. ही सरासरी मुंबई-पुण्याच्या बळावर उंचावलेली होती. बीड, परभणी, उस्मानाबाद ही नावे तिच्यात दिसत नव्हती. राज्य हे एकक धरले की राज्याच्या पोटातील विषमता झाकली जाते. ती उघडी करण्याचे काम गाडगीळांच्या संस्थेत त्यांच्यानंतर संचालक झालेल्या वि. म. दांडेकरांकडे आले. राज्य सरकारने १९८३ मध्ये नेमलेल्या दांडेकर समितीने रस्ते, पाटबंधारे, ग्रामीण वीज, शिक्षण, तंत्रशिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा, भूविकास आणि पशुवैद्यकीय सेवा या क्षेत्रांत प्रत्येक जिल्हा राज्याच्या सरासरीच्या किती मागे आहे हे मोजले आणि ती तूट भरून काढण्याचा खर्च काढला. १९८४ च्या तिच्या अहवालानुसार राज्याचा एकूण अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपये होता. त्यात विदर्भाचे सुमारे १,२४७ कोटी, उर्वरित महाराष्ट्राचे सुमारे १,१८९ कोटी आणि मराठवाड्याचे सुमारे ७५१ कोटी रुपये होते. १९९४ मध्ये राज्यघटनेच्या ३७१ व्या कलमान्वये वैधानिक विकास मंडळे स्थापन झाली. मराठवाड्याच्या मंडळाचे कार्यालय औरंगाबाद येथे सुरू झाले.